परवाना कोणाच्या नावाने

कोणतीही नियमावली हाती पडली की राजारामराव ती शेवटापासून वाचायला घेत. नियम करणारा माणूस आपली खरी भीती परिशिष्टात लपवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. २००४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जी नियमावली उघडी पडलेली असे, ती युरोपातल्या नद्या-कालव्यांवर बोटी हाकण्याची होती. औषधकंपन्यांत तीस वर्षं संख्याशास्त्रात घालवलेल्या आणि धड पोहताही न येणाऱ्या या गृहस्थांनी ती तीन आठवड्यांत मुखोद्गत केली होती.

कारणही तसंच होतं. त्यांचा जुना सहकारी हेन्द्रिक निवृत्त होऊन हॉलंडला परतला होता आणि त्याच्यापाशी सतरा मीटर लांबीचा एक बार्ज होता. एके काळी कोळसा वाहणारी ही सपाट बुडाची बोट. आता तिच्या पोटात पलंग, शेगडी आणि पुस्तकांची फळी होती. येत्या जूनमध्ये ती हॉलंडहून कालव्याकालव्याने फ्रान्सात पोचवायची होती आणि तिथे ती विकली जाणार होती. हे सहा आठवड्यांचं काम त्याने राजाराम-मालिनी या जोडप्याला देऊ केलं. संधी एकच, आणि अटही एकच. पंधरा मीटरांहून लांब बोट हाकणाऱ्यापाशी दाखला हवा. तो नसेल तर विमावाले बोट धक्क्यावरून हलू देणार नव्हते. न्यू जर्सीच्या बोटीच्या परवान्याला त्या पाण्यावर कोणी विचारत नव्हतं आणि अमेरिकेत हवा तो दाखला मिळत नव्हता. इंग्लंडमधली एक शाळा मात्र अमेरिकी नागरिकांची परीक्षा घेऊन तो मिळवून देई. एप्रिलमधली जागा राजारामरावांनी राखून ठेवली होती. उरला होता तो डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद.

"बोटीवर मी काय करायचं?" मालिनीबाईंनी विचारलं होतं.

"दोर धरायचा. मी सांगेन तेव्हा सोडायचा."

"म्हणजे घरच्यासारखंच."

डॉक्टर शोभनाचा दवाखाना शेजारच्या प्लेन्सबरोत होता. ती नागपूरची, वयाने त्यांच्या मुलीएवढी. तिने दूरचं पाहिलं, जवळचं पाहिलं, "काका, एक्सलंट" म्हणाली, आणि शाळेचा फॉर्म उलटून पाहत एक जाड पुस्तक पुढ्यात ठेवलं. पानभर रंगीत ठिपके होते.

"आता फक्त कलर व्हिजन. कोणता आकडा दिसतो?"

"बारा."

"व्हेरी गुड. हा?"

"एकवीस."

शोभनाने पान उलटलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत मासिक चाळत बसलेल्या मालिनीबाईंनी मान वर केली आणि सहज म्हटलं, "चौऱ्याहत्तर."

"तुम्ही मध्ये बोलू नका. परीक्षा माझी आहे."

"बरं. पण चौऱ्याहत्तरच आहे."

पुढच्या पानावर राजारामरावांना काहीच दिसलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक दिव्याजवळ नेलं, तिरकं धरून पाहिलं. "या पानाची छपाई सदोष आहे," ते म्हणाले. "आवृत्ती कितवी आहे ही?"

"काका, छपाई ठीक आहे." शोभना हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. तुम्हाला आजवर कोणी टेस्टच केलं नाही?"

"मी वीस वर्षं या देशात गाडी चालवतो आहे. सिग्नलचा एकही गुन्हा माझ्या नावावर नाही."

"लाल वर असतो, हिरवा खाली. तुम्ही जागा वाचता, काका. रंग नाही."

फॉर्म कोरा राहिला. परतीच्या वाटेवर राजारामराव नेहमीच्या सावधपणे गाडी चालवत होते. चौकात थांबले असता मालिनीबाई सवयीने म्हणाल्या, "हिरवा झाला." गेली वीस वर्षं त्या हे म्हणत आणि गेली वीस वर्षं "मला दिसतं" असं उत्तर त्यांना मिळे. आज राजारामरावांनी नुसतीच गाडी पुढे काढली.

पहिले दोन दिवस त्यांनी वाद घातला. प्रतिपक्ष समोर नव्हता, म्हणून तो त्यांनी कागदाशी घातला. बंद-उघड होणाऱ्या दारांमध्ये पाणी भरून बोटीला वरखाली नेणाऱ्या लॉकपाशी दिवे असतात. एकावर एक दोन लाल दिवे म्हणजे लॉक बंद पडलेलं. तिथे जागेवरून अर्थ लागतो, रंग कळण्याची गरज नाही. इथवर त्यांचा युक्तिवाद अभेद्य होता. पण पुढे नियमावलीत एकटाच दिवा होता. तो लाल असेल तर थांबा, हिरवा असेल तर आत या. त्याच्या शेजारी ना वर काही, ना खाली. राजारामरावांनी पेन्सिल खाली ठेवली. आपल्या बाजूने लढताना खोटा पुरावा देणारा माणूस त्यांना कधीच आवडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्यात वेगळंच काही जागं झालं. साठ वर्षं आपण जे पाहिलं ते नेमकं काय होतं, याचं त्यांना विलक्षण कुतूहल वाटू लागलं. त्यांनी मालिनीबाईंना भाजीच्या टोपलीपाशी उभं करून टोमॅटो आणि सिमला मिरची यांची उलटतपासणी घेतली.

"फॉल कलर्स," त्यांनी एकाएकी विचारलं. "ते खरोखर असतात?"

"म्हणजे?"

"आपल्याकडे पाहुणे येतात. दर ऑक्टोबरात मी त्यांना पानगळीचे रंग दाखवायला तीन तास ड्राइव्ह करून डोंगरात नेतो. ते आहाहा करतात. मला वाटायचं, लोक सभ्यपणे बोलतात. बेसूर गाणाऱ्याला दाद द्यावी तसं."

मालिनीबाई खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "अहो, आणि माझी ती हिरवी साडी? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची. हिरवी म्हणून जी तुम्ही तपकिरी आणलीत?"

"ती हिरवी नव्हती?"

"तीस वर्षं मी समजत होते, या माणसाला आवडनिवड नाही. म्हणून तुमचे शर्ट मी निवडायला लागले."

 राजारामरावांनी टेबलावर नियमावलीतल्या दिव्यांच्या आणि खुणांच्या रंगीत चित्रांचे पत्ते मांडले आणि एकेक वर करत विचारू लागले. मालिनीबाई पोळ्या लाटता लाटता, मान किंचित वळवून, रंग सांगत गेल्या. एकही चुकला नाही. विसाव्या पत्त्यानंतर त्यांनी लाटणं थांबवलं.

"हे तुम्ही मला का विचारता आहात?"

"दाखला माणसाचा असतो, बोटीचा नाही. तो आपल्या दोघांपैकी एकाकडे असला की पुरतो. शाळेतली जागा दुसऱ्याच्या नावे करता येते. मी फोन करून विचारलं."

"मला न विचारता?"

"आता विचारतो आहे."

"मी तिकडे सहा आठवडे पाय वर करून वाचत बसणार होते," मालिनीबाई म्हणाल्या. "मला सतरा मीटरचं लोखंड वळवायची हौस नाही." पोळी तव्यावर टाकून त्यांनी टेबलावरची नियमावली ओढली. पिठाच्या बोटांनी पानं उलटत त्या पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केलेल्या ओळीवर थांबल्या. "हे काय? 'बोटीवरील प्रत्येकाने नौचालकाची आज्ञा पाळली पाहिजे.' हे कोणासाठी अधोरेखित केलं होतंत?"

राजारामरावांपाशी या प्रश्नाला एक अत्यंत मुद्देसूद उत्तर होतं. ते देण्याऐवजी त्यांनी तव्यावरची पोळी उलटली.

"उद्या कालव्यावर जाऊ," त्या म्हणाल्या. "जमलं तर बघू. आणि तिथे वाद घालायचा नाही."

घरापासून दहा मिनिटांवरच्या जुन्या डेलावेअर-रॅरिटन कालव्यावरून आता बार्ज जात नाहीत. वल्ह्यांच्या छोट्या होड्या तेवढ्या भाड्याने मिळतात. मालिनीबाई मागे बसल्या, कारण होडीला दिशा मागचा देतो. राजारामराव पुढे बसले. काठावरचे मेपल म्हणे पेटलेले होते; त्यांना ते ओल्या मातीसारखे दिसत होते, आणि आयुष्यात प्रथमच राजारामराव त्या झाडांकडे टक लावून पाहत होते. तेवढ्यात पूल आला.

"डावीकडून घ्या," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे, पुलाखाली खूण नसेल तर–"

"अहो, उजवीकडे वळायचंय, वल्हं मारा."

"पण नियम असा आहे की–"

"आधी मारा. मग बोला."

राजारामरावांनी वल्हं मारलं. होडी हलकेच वळून कमानीच्या बरोबर मधून सरकली. पाण्याखाली डाव्या अंगाला बुडालेलं एक मोठं झाड त्यांना बाहेर आल्यावर दिसलं.

"त्याचा रंग कोणता?" मागे वळून एका मेपलकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

मालिनीबाईंनी विचार केला. "तव्यावर हळद जरा जास्त परतली गेली की होते ना, तसा. आणि टोकांना तुमच्या आईच्या पैठणीच्या काठासारखा."

"पैठणीचा काठ मला कसा दिसत होता कोण जाणे," राजारामराव म्हणाले, आणि वल्हं मारत राहिले.

मेच्या पहिल्या आठवड्यात दाखला टपालाने आला. त्यावर मालिनीबाईंचा गंभीर फोटो होता. राजारामरावांनी दाखला तीनदा वाचला. त्यात चूक नव्हती, याचं त्यांना किंचित दुःखही झालं. मग ते विम्याचा फॉर्म भरायला बसले. नौचालक: मालिनी. खलाशी: राजाराम. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'खलाशाला लाल व हिरवा यांतील भेद कळत नाही. तथापि सर्व नियम त्याला पाठ आहेत.'

मालिनीबाईंनी खांद्यावरून वाचलं. "दुसरं वाक्य खोडा."

"ते सत्य आहे."

"त्यांना काय करायचंय? खोडा."

राजारामरावांनी पेन उचललं, क्षणभर त्या वाक्याकडे पाहिलं, आणि पट्टी ठेवून त्यावर एक सरळ रेघ मारली.