कंगवा छाप

बोलतोय तो मी, पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या पेटीवरचा कंगवा. केस विंचरायचा नव्हे. मी पत्र्याचा मार्का आहे. चौकोनी पत्र्यात कंगव्याचा आकार कापलेला. मला पेटीच्या फळीवर धरायचं, वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा आणि उचलायचं, की मागे लाकडावर कंगवा उमटतो. सगळं आयुष्य असं तोंड काळं करून घेण्यात गेलं, तेव्हा मी फार हौसेने बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

जन्म सौसरच्या बाजारातला. त्याआधी मी गोड्या तेलाचा डबा होतो. नत्थूजी टिनवाल्यांनी मला कापलं, ठोकून पसरलं, तेव्हा समोर विजयाबाई बसली होती. ही पांढुर्ण्याच्या पुंडलिकरावांची लेक, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. वडिलांनी विहिरीपलीकडची संत्र्याची झाडं तिला दिली होती. झाडं तिची, राखण तिची, खतपाणी तिचं. पण फळ भरलं जायचं भावाच्या, म्हणजे मुकुंदच्या पेट्यांत. दिल्लीच्या मंडीत कोणाला कळणार की यामागे विजया नावाची कोणी आहे? तिला आपल्या फळाची वेगळी ओळख हवी होती. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

"माझं नाव कापून द्या," ती म्हणाली.

"नाव नका सांगू बाई," नत्थूजी म्हणाले. "अक्षराच्या पोटातला पत्रा गळून पडते. अन् वरची लांब रेघ कापली का खालचं सगळं लोंबते. एखादं साधं चित्र सांगा. संत्रं काढू?"

"संत्र्याच्या पेटीवर संत्रं तर सगळ्याइचंच असते." तिने पिशवीतून नुकताच घेतलेला कंगवा काढून पुढे ठेवला. "हा काढा. दाते मोठे ठेवा."

नत्थूजी हसले, पण काम चोख केलं.

मग घरच्या अंगणात माझी परीक्षा झाली. माणसांना काही पारखायला बसवा, ती आधी चहा मागतात. मुकुंदने नागपूरच्या छापखान्यातून रंगीत लेबल करून आणलं होतं. हिरवी पानं, मधे संत्रं, खाली नदी, बाजूला लक्ष्मी आणि भोवती वेलबुट्टीत सगळा पत्ता. जो तो ते हातात घेऊन डोळ्यांजवळ नेत होता. लेबल काही हातात घेऊन पाहायची वस्तू नव्हे, पण तसं कोणी म्हणालं नाही.

"झक्कास!" अडते मनोहरराव म्हणाले. घरचा माल तेच दिल्लीला लावून द्यायचे, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मग मुकुंदने मला दोन बोटांत उचललं. "विजू, तू संत्रं विकून राहिली का सलून उघडून राहिली?"

सगळे पोट धरून हसले.

"हमाल वाचत नाही दादा, पाह्यते," विजया म्हणाली. "ढिगातून, लांबून ओळखू आलं पाह्यजे."

"राहू दे तिचा कंगवा तिच्यापाशी," पुंडलिकराव म्हणाले. झाला निकाल. पसंत पडलो म्हणून नाही, राहू दे म्हणून मी राहिलो.

लेबलं खळीने चिकटवली होती. रेल्वेच्या बंद वाघिणीत फळाला घाम सुटतो. दिल्ली येईपर्यंत मुकुंदच्या पेट्यांवरची लक्ष्मी निघून तणसात पडलेली असायची. मी लाकडात मुरलेला, मला काय होणार! पण नुसता मार्का टिकला म्हणून माल खपत नाही. आमच्याकडे पेटी भरायची रीत ठरलेली: वरच्या थरात मोठं फळ, खाली बारीक. सगळेच करतात, त्यामुळे लाज कोणालाच वाटत नाही. विजया मात्र वर जे, तेच खाली भरायची. मंडीतले लोक आधी हसले असतील. मग 'कंघीवाला माल' मागू लागले. मनोहरराव तिला ताई म्हणू लागले.

तिला काय आनंद झाला म्हणून सांगू! संध्याकाळी मला रॉकेलने पुसायची, दात्यांतला रंग काडीने काढायची आणि खिळ्याला अडकवायची. माझे बरे दिवस म्हणायचे ते तेवढेच.

रंगीत लेबलाची नक्कल करायला निदान छापखाना लागतो. मी मात्र ज्याच्या हातात, त्याचा. माझं रूप सगळ्यांनी पारखलं, माझी चेष्टा झाली, माझं कौतुकही झालं. ही एक गोष्ट कोणी पारखली नाही. विजयानेही नाही.

एका मृग बहाराच्या हंगामात मुकुंदने मला खिळ्यावरून काढलं आणि आपल्या पेट्यांवर फिरवायला लागला. आत गळून पडलेली, डागाळलेली फळं आणि वर एक चकचकीत थर. आकार तोच, रंग तोच. आत काय आहे ते पत्र्याला थोडंच बोलता येतं? माझे दाते रंगाने बुजत गेले, कडा बोथट झाल्या, पुसणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून जो थकवा आला तो गेलाच नाही.

विजया पेट्या पाहून जागीच थांबली. "दादा, ह्या माह्या पेट्या नाहीत."

"तुझं-माझं काय करून राहिली? घर एकच आहे ना? चालता मार्का आहे, सगळेच खाऊ."

तिने वडिलांकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी खाटेवर कूस बदलली. "सांभाळून घे, विजू." सांभाळून घे म्हणजे गप्प बस, एवढं मलाही कळतं.

पुढच्या बहाराला मनोहरराव आले ते मान खाली घालून. "ताई, आता कंगवा दिसला का व्यापारी पेटी उलटी करून खालून फोडते. तुमची असो का दादाची. सगळे म्हणते, कंघीवाले चोर. मी काय करू, सांगा."

ती उठली. मला खिळ्यावरून काढलं, पेट्या ठोकायची हातोडी घेतली, मला विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर ठेवलं आणि घाव घालायला लागली.

मुकुंद धावत आला. "वेडी झाली का विजू? चालता मार्का मोडून राहिली!"

"चालते म्हणूनच मोडून राहिली."

ती रडत होती, पण हात थांबला नाही. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? माझ्यापेक्षा तिला जास्त दुखत होतं, हेही कळत होतं.

आता तिच्या पेट्या कोऱ्या जातात. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर माल चढताना ती स्वतः उभी राहते म्हणे. कोणी विचारलं माल कोणाचा, तर सांगते, "माझा, विजयाचा. खालून फोडून पाहा." कोणी घेतो, कोणी पुढे जातो.

मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होतो. आज मुकुंदने मला हुडकून काढलं. मांडीवर घेऊन तळव्याने दाबून पाहिलं, आणि आता तो हातोडी शोधतो आहे.

मुकुंदभाऊ, मी फार थकलो हो. माझी चाळणी करा, चिमणीचं झाकण करा, नाहीतर उंदराचं बीळ बुजवायला ठोका मला. कुरकुर करणार नाही. पण जे तिने रडत रडत वाकवलं, ते तुम्ही सरळ करू नका.