खिडकीतले साहेब

घरात खिडक्या चार, पण कामाची एकच. बाकीच्या तिन्ही समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून रुसून बसल्यासारख्या. दक्षिणेकडची ही एक मात्र भर हिवाळ्यातही ऊन आत घ्यायची, आणि त्या उन्हात काकूंचं टेबल असायचं. काकू रफू करायच्या. जळकी पँट, कसरीनं खाल्लेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेला कोट, काहीही आणा; काकू धाग्यात धागा विणून असं भोक बुजवायच्या की मालकानं शोधूनही सापडू नये. या कामाला बोटं लागतात, डोळे लागतात, पण सगळ्यांत आधी लागतो तो दिवसाचा खरा उजेड. दिव्याखाली सगळे गडद रंग एकाच आईची लेकरं दिसतात.

आता त्या उन्हात झाड बसलं होतं.

त्याचं असं झालं. काका बसचे ड्रायव्हर. जन्मभर मोठ्या काचेमागे बसून रस्ता बघितलेला माणूस निवृत्त झाला आणि थंडी पडताच भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवणापुरतं उठायचं, पुन्हा पडायचं. बोलणं हो किंवा नाही. दार-खिडक्या बंद, बाहेर संध्याकाळी लवकरच अंधारून यायचं, आणि घरात हा प्रकार. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरात झाडं लावा, रोज उठून बघावंसं वाटेल असं काहीतरी हिरवं. हे कानावर पडायचा अवकाश, नणंदबाई दारात हजर. एका हातात बोन्साय, दुसऱ्या हातात पिशवीभर कुंड्या.

बोन्साय वडाच्या जातीचं. उंची वीतभर, खोडाला तार गुंडाळलेली, आणि रुबाब मात्र चौकातल्या जुन्या झाडाचा.

"याला भरपूर ऊन लागतं हं वहिनी," नणंद म्हणाली आणि टेबलावरचा रिळांचा डबा तिनं स्वतःच उचलून बाजूला ठेवला.

"तात्पुरतं," काका म्हणाले.

तात्पुरत्याचं बस्तान बसायला किती वेळ लागतो? आधी बोन्साय. मग त्याला सोबत म्हणून मनीप्लँट. मग मातीची पिशवी, चिमुकली कात्री, पाणी मारायची बाटली. ती बाटली काका फुसफुस करून अशी चालवायचे की निम्मं पाणी काकूंच्या हातातल्या कापडावर. शेवटी काकूंनीच आपलं टेबल उचललं आणि स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली नेलं. एक पाय ओट्याला अडायचा, दुसरा फ्रीजच्या दाराला. दूध काढायचं तर आधी काकूंनी उठायचं.

पण काका उठायला लागले होते, हेही खरं. सकाळी दात घासायच्या आधी खिडकीशी. "आज नवं पान आलंय बघ." काकू बघायच्या. पान असायचं मसुराएवढं. त्यावर काका दिवसभर खूश. येणारा-जाणारा म्हणायचा, काय छान सुधारणा आहे! काकूंना मनापासून बरं वाटायचं, आणि लगेच राग यायचा. मग राग आला म्हणून स्वतःचाच राग यायचा. या सगळ्यात दिवस जायचा.

"वहिनी, त्याला काही बोलू नकोस हं," नणंद दर फोनला बजावायची. "जरा मन लागतंय त्याचं."

काकू मूग गिळून बसल्या. झाडाचं नाव मात्र त्यांनी साहेब ठेवलं. साहेबांना पाणी झालं का? साहेबांना वारा लागेल, दार लावा. काकांना ते कौतुकच वाटायचं. काय करणार अशा माणसाचं!

आणि मग एका सकाळी लाँड्रीवाला वकीलबाईंचा काळा कोट परत घेऊन आला. रफूचं काम काकूंना त्याच्याच दुकानातून यायचं, गेली कित्येक वर्षं. त्यानं काकूंना जिन्यातल्या उजेडात नेलं आणि बाही पुढे केली.

काळ्या बाहीवर निळं विणकाम. गडद निळं, पण निळंच. एरवी रफूचा धागा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा; या कोटाच्या शिवणीत तो शिल्लक नव्हता, म्हणून काकूंनी डब्यातलं काळं रीळ घेतलं होतं. ट्यूबलाइटखाली ते काळं होतं. देवाशपथ काळं होतं.

"बाई रागावल्या नाहीत," लाँड्रीवाला म्हणाला. "असू दे म्हणाल्या, वय होतंच सगळ्यांचं. पण काकू, एकदा डोळे तपासून घ्या. तोवर बारीक कामं मी दुसरीकडे देतो. तुम्हाला तेवढाच आराम."

"डोळ्यांना काही झालेलं नाही."

"हो हो. तरी एकदा तपासून घ्या."

त्यानं आरडाओरडा केला असता तर काकूंनी दोन उलट ऐकवली असती. या समजूतदारपणाला काय उत्तर द्यायचं? "कोट ठेव इथे. उद्या देते," एवढंच त्या म्हणाल्या आणि घरात आल्या. काका खिडकीशी, बोन्सायच्या पानांवरची धूळ कापसानं पुसत होते. एकेक पान. अगदी हळुवार.

"माझे डोळे गेले म्हणतोय तो!" काकूंनी कोट खुर्चीवर आपटला. "माझे! सगळ्यांच्या कपड्यांची भोकं बुजवण्यात हयात गेली माझी, आणि आता मला रंग दिसत नाही म्हणे! कसा दिसणार? उजेड तुमच्या साहेबांना, आणि मी फ्रीजच्या आडोशाला!"

काकांचा कापूस थांबला. "अगं, मग सांगायचं ना! मला काय स्वप्न पडणार?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांगायचं? तुम्हाला बोलायचं नाही, तुम्हाला दुखवायचं नाही, तुम्ही उठलात म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या! माझं काय होतंय ते विचारलंत एकदा तरी? त्या मनीप्लँटला रोज विचारता!"

काका भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक कुंडी उचलून स्वयंपाकघरात नेली, काकूंचं टेबल खिडकीत आणून लावलं, रिळांचा डबासुद्धा नीट ठेवला, आणि आत जाऊन पडले. भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. चहा निवला. काकू खिडकीत बसल्या. ऊन असं स्वच्छ, की काळ्या बाहीतला निळा धागा न् धागा मोजून घ्यावा. त्यांनी तो सुईच्या टोकानं उसवायला घेतला. हात चालत होता, लक्ष आतल्या खोलीत. हवी होती ती खिडकी मिळाली, आणि बसवेना. हा कुठला न्याय? मी उजेड मागितला की यांचा दिवस बुडणार, असंच असेल तर मी कुणाकडे मागायचं?

दूध काढायला गेल्या, तर ओट्यावर पानं पडलेली. एका रात्रीत जागा बदलली म्हणून साहेबांनी पानं गाळायला सुरुवात केली होती.

"तू पण?" काकू झाडाला म्हणाल्या. "दोघांनी मिळून ठरवलंय का?"

त्यांनी ताट उचलावं तशी ती कुंडी उचलली, खिडकीत आणून आपल्या टेबलावर आदळली आणि पुन्हा सुई हातात घेतली. लगेच त्या वीतभर झाडाची सावली बरोबर बाहीवर. डावीकडे सरकवलं, तर कोपराला लागायला लागलं. उजवीकडे ठेवलं, तर रिळांवर अंधार.

"अहो!" काकू ओरडल्या. "अहो, ऐकू येतंय का? तुमचं झाड माझ्या उजेडात येतंय! उचला!"

खाट करकरली. बऱ्याच वेळानं काका दारात आले. केस विस्कटलेले, चेहरा सुजलेला.

"तू आणलंस ना इथे," ते म्हणाले.

"आणलं. पानं गाळतंय मेलं. ऊन त्यालाही हवं, मलाही हवं. मी सुई सोडून त्याच्यामागे नाचू का? ऊन सरकेल तसं हे सरकवायचं. हे तुमचं काम."

"दिवसभर?"

"दिवसभर बस चालवलीत ना?"

काकांनी कुंडी उचलली. टेबलाच्या कडेला ठेवून बघितली, सावली तिथेही आली. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, तर फांदीचं टोक नेमकं सुईवर. ते कुंडी हातात घेऊन उभे राहिले.

"ठेवू कुठे पण?"

"धरून उभे राहा. मी सांगेपर्यंत हलू नका."

काका उभे राहिले. झाडाला ऊन, बाहीला ऊन, आणि मध्ये झाड पोटाशी धरलेले काका. थोड्या वेळानं त्यांनी मान वाकवून बाहीकडे पाहिलं.

"निळा होता होय," ते म्हणाले.

काकूंचा राग अजून गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता. उरलेला निळा धागा काढून त्यांनी रीळ उजेडात धरलं, काळा धागा पारखून घेतला, सुईत ओवला आणि विणायला घेतला. शेवटी एकच ओळ उरली. हातासरशी झाली असती. काकूंनी ती अगदी सावकाश भरली, आणि काका तोवर तसेच उभे राहिले.