वीतभर बाही

बायकोने जन्मभर साऱ्या गल्लीसाठी स्वेटर विणले. माझी पाळी आली मी रिटायर झाल्यावर. अंग विणून झालं, एक बाही झाली, दुसरी खांद्यापासून चार सुयांवर गोल विणत वीतभर आली आणि तिचा उजवा हात गेला. म्हणजे हात आहे, पण मांडीवर पडून असतो. आमचा म्हातारा बोका, मुकादम, दिवसभर त्यावर हनुवटी टेकून झोपतो. व्यायाम करून घेणारी बाई येते, हात वर धरायला सांगते. हिचा हात दोन श्वासांत खाली.

राहिलेली बाही पुरी करायचं मी ठरवलं. माझी सगळी नोकरी कारखान्यात लेथवर गेली. काहीही सैल दिसलं की मला झोप येत नाही.

“अहो, टाका आहे तो, नट नाही. किती आवळताय?” ती खुर्चीतून ओरडायची.

“सुटला म्हणजे?”

“माझा कधी सुटला का?”

सुटला नव्हता, हे कबूल. पण हात ऐकेना. तिची वीण संपून माझी सुरू व्हायची तिथे बाहीला बाटलीसारखी मान आली. घातल्यावर ताणेल, असं मी म्हणालो. तिने नुसतं नाक मुरडलं.

शेवटचा टाका बंद करून मी स्वेटर पलंगावर पसरला आणि चहा ठेवायला गेलो. परत आलो तर स्वेटर पलंगावरून चालत होता.

आमची धाकटी मांजर, भिंगरी. नको तिथे नाक खुपसायची तिला खोडच आहे. ती खालून स्वेटरात शिरली, तिथून बाहीत, आणि माझी वीण सुरू होते तिथे डोकं अडकलं. ना पुढे, ना मागे. मी हात लावला तशी ती बिथरली आणि नखं काढून उलटी बाहेर आली. येताना बायकोच्या विणीला चांगली दोन भोकं पाडून थेट कपाटाखाली पसार. मुकादमाने डोळासुद्धा उघडला नाही.

बायकोने डाव्या हाताने बाही चाचपली. “उसवा.”

“माझं उसवतो. तुझं रफू करू.”

“धागा तुटलाय. सगळंच उसवा.”

“तुझ्या हातचं शेवटचं...” मी जीभ चावली.

“शेवटचं कोण म्हणालं? डॉक्टर, का तुम्ही?”

डॉक्टर म्हणाले नव्हते. मीच घाबरलो होतो. ती वीतभर वीण उसवली की तिचा हात गेला तो गेलाच, असं मनाने घेतलं होतं.

“स्वेटर घालायचा असतो,” ती म्हणाली, “पुजायचा नसतो.”

उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करून धुवावी लागते आणि लडी गुंडाळायला समोर दोन हात लागतात. हातांऐवजी पाठीला गुंडाळावी म्हणून मी एक रिकामी खुर्ची पुढे ओढली.

“खुर्ची कशाला? मी मेले की काय?”

तिने मुकादमाला खाली उतरवलं, डाव्या हाताने उजवा हात उचलला, कोपर आपल्या खुर्चीच्या हातावर टेकवलं आणि दोन्ही पंजे समोर धरले. उजवा थरथरत होता. मी माझा भाग उसवत तिच्या हातांभोवती गुंडाळू लागलो. माझे टाके इतके घट्ट, की एकेक ओढून काढावा लागला. भिंगरी कपाटाखालून आली आणि लोंबता धागा पंजाने मारू लागली. हात कलला, पण पडला नाही.

माझं संपलं. तिचा पहिला टाका आला आणि मी थांबलो.

“थांबलात का? उरका. हात दुखतोय.”

मी धागा ओढला. तिचे टाके सैल. तुटलं होतं तिथे गाठ मारली, बाकी कुठे अडलं नाही, ओढावं लागलं नाही. आपसूक सुटत गेले आणि तिच्याच हातावर चढत गेले. संपेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.