मागच्या खोलीतलं मूल

सातव्या महिन्यातल्या एका सकाळी गोदाच्या पोटातलं मूल उठलं आणि मागच्या खोलीत राहायला गेलं. पोट होतं तसंच राहिलं, गोल आणि ताठ. फक्त आत कुणी नव्हतं. गोदा भाकरी थापत होती. तवा उतरवून ती खोलीच्या दारात गेली. वीतभर मूल भिंतीला टेकून बसलं होतं. त्याच्या तळव्यांची सालं निघत होती.

"काय झालं रे?"

"आत भाजतंय."

"मग कधी येशील?"

"निवलं की येतो."

गोदाचा जीव थाऱ्यावर राहिना. पहिल्या खेपेलाही पोटातलं मूल असंच गेलं होतं, पण न सांगता. आठव्यात जे जन्मलं ते रडलंच नाही.

सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. तेवढ्यात खोली लांब झाली. दुपारपर्यंत मूल दिसायला गोदाला डोळे बारीक करावे लागले. ती आत जाई, चार पावलं टाकून परत येई, पुन्हा जाई. शेजारची नसीमा कुंपणापाशी आली. तिलाही दिवस गेले होते.

"माझं काल गेलं," नसीमा म्हणाली. "न्हाणीत बसलंय. हाक मारली तर ओ देतं, पण येत नाही."

दोघी तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. बाकावरच्या सगळ्या बायकांची पोटं मोठी होती आणि एकीचाही हात पोटावर नव्हता. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

कांबळे सिस्टरनी गोदाचे तळहात उजेडात धरले. त्यांवर तांब्याच्या रंगाचे डाग होते. सिस्टरनी रक्त घेतलं, तपासायला दिलं आणि थोड्या वेळानं तिला आत बोलावलं.

"सिफिलिस आहे. गरमी म्हणतात ती. आईकडून बाळाला लागते. सुई घे म्हणजे निवेल. पण नवऱ्यालाही घ्यायला लाव. तोवर त्याला जवळ येऊ देऊ नकोस, नाहीतर परत पेटेल."

"मूल येईल ना परत?"

"दार उघडं ठेव," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी नसीमाला हाक मारली.

सुईची रग पार मांडीत उतरली. गोदा लंगडत घरी आली तेव्हा खोली आखडली होती. मूल पुन्हा नीट दिसत होतं. रोज ते थोडं अलीकडं सरकायचं. एकदा तर उंबऱ्याला हात लावून त्यानं तिच्या पोटाकडं पाहिलं.

मग तिचा नवरा भानुदास घरी आला. तो बोअरच्या गाडीवर कामाला होता. महिनोन्‌महिने परमुलखात जमिनीला भोकं पाडत फिरायचा. गोदानं त्याला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला.

"धाड भरली म्हटलं नाही. सुई घ्या म्हटलं."

"गावभर होईल."

"पोर बाहेर बसलंय, अहो."

"मग ओढून आणतो त्याला."

तो चपलांसकट खोलीत शिरला. त्याच्या प्रत्येक पावलाला खोली वाढू लागली. मूल रांगत आणखी आत सरकलं. भानुदास चालत राहिला. आधी तो पोराएवढा झाला, मग तांब्याएवढा, मग तांदळाएवढा.

"येईल गं," सासूबाई म्हणाल्या. "पुरुषमाणूस आहे." आणि त्या माजघरात जाऊन तांदूळ निवडायला बसल्या.

"मागं फिरा," गोदा ओरडली. "दवाखाना इकडं आहे."

"आलोच," फार लांबून आवाज आला.

तिचं पोट तापायला लागलं. तिनं तिथं ओला पदर धरला, त्यातून वाफ निघाली आणि पोट जरा निवलं. आत कुठंतरी मूल थांबलं. वळलं. भानुदासच्या दोन पायांमधून निसटून ते दाराकडं धावत सुटलं. भानुदासही फिरला आणि हात पुढं करून त्याच्यामागं धावू लागला. खोली पुढून आखडत होती आणि मागून वाढत होती. दोघं मोठे होत येत होते. मूल पुढं, बापाची बोटं त्याच्या मानेपासून वीतभर मागं.

गोदा उंबऱ्यावर बसली. एका हातानं तिनं पदर पसरला आणि दुसऱ्या हातानं दाराची कडी धरली.