मॉरिसचं इंजिन खाली सोडताना

जुन्या काळ्या मॉरिसमधून इंजिन वर उचललं, तेव्हा त्याच्याखाली तळ नव्हता. फरशी दिसायला हवी होती, निदान ऑइलचा डाग तरी. तिथे नुसता अंधार होता आणि गार वारा वर येत होता. भूपाल मगदूमनं एक नट टाकून पाहिला. पडल्याचा आवाज आला नाही. जुन्या गाड्यांचे हे असले नखरे, असं पुटपुटत त्यानं इंजिन दुरुस्त केलं, पुसून लख्ख केलं आणि पुन्हा चेनपुलीच्या साखळीला टांगलं. संध्याकाळी वकीलसाहेब गाडी न्यायला येणार होते.

त्याचा साडू आणि भागीदार सर्जेराव मात्र टॉर्च घेऊन गाडीच्या पोटात उतरला. इंजिन बसवायचे बोल्ट कुठे गेले ते बघून येतो म्हणाला. टांगलेल्या इंजिनाखाली कुणी जायचं नाही, हा गॅरेजचा पहिला नियम, आणि तो सर्जेरावनंच घातलेला. भूपालच्या मनात पाल चुकचुकली. तसा त्याला साडूचा संशय येतच होता. सर्जेराव सांगलीत जागा बघतोय, वेगळं गॅरेज टाकणार आहे, असं कानावर आलं होतं. विचारायचा धीर होत नव्हता. इतकी वर्षं भूपालनं साखळी धरायची आणि सर्जेरावनं खाली हात घालून इंजिन जागेवर बसवायचं, असं चाललं होतं. साडू गेला तर दुसरा माणूस मिळेल, पण त्या नव्या माणसाच्या बोटांवर इंजिन सोडायचा आपल्याला धीर होणार नाही, हे भूपालला पक्कं ठाऊक होतं. त्या विचारानंच त्याला एकटं एकटं वाटायचं.

खालून आवाज आला, "सोडा, पावणं."

भूपालनं साखळी घट्ट धरली. दोघांची लग्नं एकाच मांडवात झाली, त्या दिवशी काय तो सर्जेराव त्याला पावणं म्हणाला होता. नंतर कायम अरे-तुरे, वर टोमणे. खाली तोच आहे ना, याची खात्री करायला भूपालनं ओरडून विचारलं, त्या दिवशी मांडवात आपण कशावरून रुसलो होतो? मानाच्या टोप्या लहान निघाल्या म्हणून, असं खालून आलं. उत्तर इतक्या चटकन आलं की त्याचा संशय आणखी वाढला. पण ज्याचे हात खाली, त्याचंच ऐकायचं असतं. त्यानं साखळी सोडायला सुरुवात केली.

इंजिन जसं खाली जाई तशा भिंती आत सरकत. आधी टेबल गाडीला टेकलं, मग टायरांची चळत. दाराची जेमतेम फट उरली, आणि त्या फटीतून सर्जेराव तिरका होऊन आत आला. हातात चहाचे दोन ग्लास.

"कुणाच्या सांगण्यावरनं सोडायलाईस रे?"

"तुझ्या," भूपाल म्हणाला.

आपण चहा आणायला गेलो होतो, असं सर्जेरावनं सांगितलं. अरे-तुरे तेच, टोमणाही तोच. पण त्याचे हात स्वच्छ होते, नखांसकट. असे हात भूपालनं कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात साखळी सैल पडली. इंजिन जागेवर बसलं होतं, अगदी सरळ. बोल्ट तर कुठेच नव्हते. भूपालनं वाकून विचारलं, कशावर बसलंय?

"खांद्यावर," खालून आवाज आला. "धरलंय मी. काढा साखळी."

ती वरच्या सर्जेरावनं काढली. बॉनेट लावलं, ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला आणि खिडकीतून हात बाहेर काढला. एक राउंड मारून येतो, चावी दे, म्हणाला. कुठवर, असं भूपालनं विचारलं.

"सांगलीपर्यंत."

भूपालला रडू आलं. साखळी पुन्हा अडकवून इंजिन वर घ्यावं, तर भिंती इतक्या जवळ आल्या होत्या की त्याला कोपर हलवता येईना. गाडीची चावी त्याच्या मुठीत घामानं ओली झाली होती.

"पावणं," बॉनेटखालून दमलेला आवाज आला, "गाडी कोण चालवणार हाय?"

भूपालनं सीटकडे पाहिलं. सर्जेरावची मान पुढे झुकली होती, त्याचे खांदे थरथरत हळूहळू खाली दबत चालले होते, आणि स्वच्छ हात चावीसाठी तसाच पुढे होता.