बिराप्पाआबांच्या नव्या चपला

माकणीच्या बिरदेवापुढं टीव्ही मालिकेचं शीर्षकदृश्य चित्रित झालं, तेव्हा उधळलेला भंडारा इतका वेळ हवेत राहिला, की तो खाली येईतो माझ्या कोंबडीनं अंडं घालून उबवलं आणि पिल्लू दाणे टिपायलाही लागलं. खोटं वाटतंय? कॅमेरावाल्या मैथिलीला विचारा. तुळजापूरच्या मास्तरांची पोरगी. तिचा कॅमेरा चिमूटभर क्षण घेऊन शेवयांसारखा लांबवायचा.

तिनं देवळापुढं खड्डा खणून कॅमेरा पार जमिनीलगत बसवला. सूर्य हळदीच्या पाठीमागं हवा, म्हणजे कण न् कण पेटतो. वरचं आभाळ मोकळं ठेवायचं. तिथं मालिकेचं नाव येणार.

उधळणार होते देवळाचे मानकरी बिराप्पाआबा. चपला घालून भंडाऱ्याला हात लावायचा न्हाय, हा इथला नेम आणि आबा त्याचे पहारेकरी. गेल्या जत्रेत सून मोनिकाच्या टाचेला जखम होती, म्हणून तिनं चपला काढल्या न्हाईत. तर आबांनी चारचौघांत तिच्या मुठीतला भंडारा काढून घेतला होता.

आणि त्या दिवशी टीव्हीत दिसायचं म्हणून आबा भूमच्या बाजारातून आणलेल्या, गोंड्याच्या करकरीत चपला घालून आले. "चांगभलं!" म्हणत त्यांनी भंडारा उधळला. आम्ही सगळे वर हळदीकडं बघत होतो.

मग मैथिलीनं पडद्यावर दाखवलं. अख्खी वस्ती गोळा झाली. खालनं घेतलेलं चित्र. पडदाभर दोन चपला, भिंतीएवढ्या. एकेक गोंडा सावकाश मान डोलवतोय. हळद वर चढेना आणि चपला काही पडद्यावरून जाईनात.

कुणी हसलंसुद्धा न्हाय. लोक हसले असते तर बरं झालं असतं. आबांनी पटक्याचा शेव तोंडावर ओढला.

"आबा, मी नाव खाली घेते," मैथिली हळूच म्हणाली. "अक्षरांमागं पाय झाकून जातील."

"बिरदेवाला अक्षरं आडवी येत्यात व्हय, बाई?"

"मग अनवाणी परत उधळा की!" वस्तीतला धोंडप्पा म्हणाला.

"म्या न्हाय. मोनिकाला बोलवा."

मोनिका आली. पदर खोचून म्हणाली, "मामंजी, आधी माझे पाय बघून घ्या. न्हायतर मागनं मूठ रिकामी कराल."

आबांनी बघितले. टाचेवर जखमेचा वण होता. त्यांनी चपला काढून लांब ठेवल्या, भंडारा घेतला आणि सुनेच्या ओंजळीत घातला. मान वर केली न्हाय. मैथिलीचा कॅमेरा तेव्हा चालूच होता.

"आबा, हे ठेवू का?" तिनं विचारलं.

"ठेव. दिसू दे समद्यास्नी."

आता रोज संध्याकाळी नावाआधी ते हात दिसतात. आबांचा थरथरतो, आणि इतका सावकाश, की एकेक थरथर सुटी दिसते. कुणी विचारलं तर मी सांगतो, कॅमेराच हलला असेल. कोंबडीचं लोकांना पटलं; हे मात्र कुणालाच पटत न्हाय.