जमादाराचं वय

"काकी, सांग ना त्याईले. मी कोनाचा पोरगा?"

जमादार कडूबा चौथ्यांदा विचारत होता आणि म्हातारी तोंडाला पदर लावून कचेरीच्या भिंतीकडं बघत होती. मी टाक शाईत बुडवून थांबलो होतो. शाई वाळली, पुन्हा बुडवला, पुन्हा वाळली.

"बाई, तुम्ही बोलल्याशिवाय मी लिहू काय?"

"त्याले इचारा," ती म्हणाली. "मले नका इचारू."

तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून मी तेव्हा सोळा वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होतो. म्हैस हरवली, शेजाऱ्यानं बांध कोरला, विहिरीतला वाटा मिळावा. माझं अक्षर वळणदार होतं आणि मला त्याचा ताठा होता. शेषराव अर्जनवीस म्हटलं की लोक आधी अक्षराचं बोलत, मग माझं. त्यामुळं अडतीस सालच्या उन्हाळ्यात अमडापूरकडच्या खेड्यातला हा खाकी कपड्यांतला, सहा फुटी जमादार एका म्हातारीला घेऊन माझ्यापुढं बसला, तेव्हा मला वाटलं, आज आपल्या अक्षराला शोभेल असं गिऱ्हाईक आलं. म्हातारी त्याची चुलती असावी, असं मी धरून चाललो होतो.

त्याचं दुखणं त्यानंच सांगितलं. पलटणीत बावीस वर्षं झाली. शिपाई, नाईक, हवालदार करत जमादार झाला. आता सुभेदाराची जागा रिकामी झाली होती आणि नंबर त्याचाच होता. पण दफ्तरात त्याचं जन्मसाल १८९८ लागलेलं. म्हणजे वय चाळीस. त्याच्या पलटणीत चाळिशी गाठलेल्याला सुभेदारी देत नसत, घरी पाठवत.

"आणि खरं वय?"

"छत्तीस. एकोनीसशे दोनचा जलम माहा. ते अठ्ठ्यान्नववालं पोरगं मी नाहीच. ते मेलं."

"कोण मेलं?"

जमादारानं म्हातारीकडं पाहिलं. "हिचा पयला पोरगा. माहा भाऊ."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही काकी म्हणजे त्याची आई.

मग म्हातारी, तानुबाई, बोलली, पण एकेक शब्द आतून ओढून काढावा तशी. पहिला मुलगा मोठ्या दुष्काळात गेला. त्या दिवसांत माणसं इतकी जात होती की कोतवालानं सगळ्यांची खबर दिलीच नाही. पाठची मुलगीही गेली. मग कडूबा झाला. नाळ कापली त्याच दिवशी त्याला सुपात घालून शेजारच्या रुखमाबाईला देऊन टाकला आणि बदल्यात पसाभर कोंडा घेतला. असं करतात आमच्याकडं, मरणाला घर सापडू नये म्हणून. दूध तानुबाईनंच पाजलं, पोर तिच्याच अंगणात वाढलं, पण 'माय' म्हणायचं रुखमाबाईला आणि तिला काकी. कोतवालानंही जन्माची खबर दिली ती रुखमाबाईच्या घरची, तिच्या नवऱ्याच्या नावावर. ती दोघंही पुढं पटकीच्या साथीत गेली.

सोळा साली लढाईसाठी भरती चालू होती आणि पाटलाला माणसं मोजून द्यायची होती. कडूबा बापाशी भांडून घरातून निघाला होता, अंगानं थोराड. पाटलानं जन्माचं रजिस्टर उघडलं. बापाच्या, म्हणजे तानुबाईचा नवरा कारभारी याच्या, नावापुढं मुलाची एकच ओळ होती, १८९८ची. तीच लिहून दिली.

"साधं काम आहे," मी म्हणालो. "बाईंनी तहसीलदारांपुढं जबानी द्यायची. थोरला वारला, हा माझा धाकटा, अमुक साली जन्मला. झालं."

"मी नाही म्हननार," तानुबाई म्हणाली.

"काऊन पन?" जमादाराचा आवाज चढला. "बावीस सालं झाले, काकी. एक पायरी राह्यली. माह्या हाताखालचे पोट्टे सुभेदार होऊन राह्यले. मी त्याईले सलाम ठोकू?"

"तू जिता हायेस. मले तेवढंच पाह्यजे होतं."

"असं जितं राहून काय करू मंग?"

तिथं मी मध्ये पडलो. नको होतं पडायला. "बाई, छत्तीस वर्षं उलटली," मी म्हणालो, "आता कोण येतंय घर शोधत? हा सरकारी कागद आहे, देवाचा नाही." दुसऱ्याची भीती आपल्याला फार लहान दिसते, आणि मी तर तेव्हा स्वतःला शहाणा समजत होतो. ती उठली आणि माझ्यामागं आत आली.

तहसीलदार भला माणूस होता. त्यानं तिला घाबरू नका म्हणून सांगितलं. ती पायाच्या बोटांकडं बघत पुटपुटली, "माहा हाये."

"मोठ्यानं सांगा, बाई."

"माहा पोरगा हाये तो. माह्या पोटचा."

अंगठा उठवताना जमादारानं तिचं मनगट धरलं होतं. बाहेर आल्यावर तो तिला "माय" म्हणाला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि इकडंतिकडं बघितलं.

अर्ज मी दोन दिवस खपून लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'अर्जदाराचा जन्म सन १९०२चा असून तो सन १९१६पासून सरकारची इमानेइतबारे नोकरी करीत आहे.' दोन्ही आकडे एकाच ओळीत, असे सुबक की बघत राहावं. लिंबाखालच्या चार जणांना बोलावून मी ते दाखवलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला जमादार रजेवर आला तो सरळ माझ्याकडं.

"वय दुरुस्त झालं, शेषरावजी. छत्तीस लागलं."

"मग पेढे कुठं आहेत?"

"सोळा साली मंग मी कितीचा होतो?"

मी मनात वजाबाकी केली. चौदा.

अठराच्या आतली नोकरी धरत नाहीत. दफ्तरानं त्याची चार वर्षं कापली होती. बसरा-बगदादकडची लढाई, मांडीतली गोळी, बाहीवरची पहिली फीत, सगळं त्या चार वर्षांत होतं. यादीत तो नऊ जणांच्या खाली गेला होता आणि नंबर येईतो त्याची खरोखरीची चाळिशी येणार होती. वर खोटं वय सांगून भरती झाल्याचा शेरा होता, लाल शाईत. दोन्ही आकडे मी माझ्या हातानं शेजारी शेजारी लिहिले होते आणि एकातून दुसरा वजा करावा एवढं मला सुचलं नव्हतं.

"पयले म्हने वय जास्त. आता म्हनते नोकरी कमी," तो हसत म्हणाला. ते हसणं बघवत नव्हतं. "मी बगदादले पाय ओढत चाल्लो होतो, अन् कागदावर मी गावात गोट्या खेळून राह्यलो होतो."

"जमादारसाहेब, माझी चूक झाली."

"तुमचं अक्षर साऱ्याईले आवडलं पन," तो म्हणाला. त्याच्या मनात टोमणा नव्हता. तो खरंच सांगत होता.

महिन्याभरानं तानुबाई आली, एकटी, गावाहून पायी. लिंबाखाली बसून आधी दम खाल्ला.

"त्यानं नोकरी सोडाचा कागद देल्ला," ती म्हणाली. "घरी आला तं अन्न गोड लागत नाही त्याले. आंगात ताप राह्यते. कोनाशी बोलत नाही. मी नाव घेतलं त्याचं, भाऊ. साऱ्याईपुढं माहा म्हनलं. तवापासून लागलं त्याच्या मांगं."

"तसं नाही, बाई. हे माझ्यामुळं झालं. मी हिशेब चुकलो." मी तिला सगळं समजावलं, सालं जमिनीवर काडीनं लिहून दाखवली. आजारी माणसाचं बडबडणं ऐकून घ्यावं तसं तिनं ऐकून घेतलं.

"तुमी कागदाचं सांगून राह्यले," ती म्हणाली. "दुसरा अर्ज लिवा. तो माहा नाही म्हना. रुखमाबाईचा हाये. मी कचेरीत खोटं बोल्ली म्हना."

"बाई, खोट्या जबानीबद्दल तुरुंगात टाकतील तुम्हाला."

"टाकू द्या."

"त्यानं सुभेदारीही यायची नाही."

"चुलीत गेली सुभेदारी. तो वाचला पाह्यजे."

हा अर्ज आत नेऊन द्यायचा नाही, हे मी पहिल्या ओळीलाच ठरवलं. तरी लिहिला, कारण ती उठणार नव्हती. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आलं. तिला वाचून दाखवला. ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती.

अशा अर्जाच्या शेवटी अर्ज देणाराचं नातं लिहावं लागतं. मी विचारलं, "जमादार कडूबा यांच्या तुम्ही कोण?"

तिला वाचता येत नव्हतं, तरी ती कागदावर वाकली.

"शेजारीन," तानुबाई म्हणाली. "शेजारीन लिवा."